वजडीतली गोळी

१

डोळे मिटा पाहू जरा. समजा, झांबेझीच्या काठी ओल्या वाळूवर तुम्ही उकिडवे बसला आहात. ऊन पाठीवर आहे. समोरच्या बेटावर मगरी पसरल्या आहेत, म्हणून काठाला काटेरी फांद्यांचं कुंपण घातलंय. हात घालायचा तो कुंपणाच्या आतल्या पाण्यात. तुमच्यापुढे मोठी पत्र्याची परात आहे आणि परातीत रानरेड्याची वजडी. ती उलटी करून आतलं चघळलेलं हिरवं गवत तुम्ही धुऊन काढताय. वास येतोय? येऊ द्या. आणि एकदम परातीत वाजतं : टण्ण!

मिझिंगा अशीच बसली होती. अकरा वर्षांची, हाडकुळी, कपाळावर सतत आठी. शेजारी बिना-लुयांदो होती. लुयांदोची आई म्हणून हे नाव. गावात जनावर सोलायचं काम तिचं. तिने परातीतून ती वस्तू उचलली. पावसाळ्यात वारुळावर अळंबी उगवते ना, तशी दिसत होती. खाली तांब्याचा देठ, वर पसरलेली शिशाची टोपी.

"मऊ नाकाची," कुणीतरी हळूच म्हणालं. सगळ्या बायकांनी मिझिंगाकडे पाहिलं आणि लगेच माना फिरवल्या.

का, ते सांगतो. या रेड्याने काठावरचे भाजीचे वाफे तुडवले होते, दोन बायकांना झाडावर चढवलं होतं. म्हणून आदल्या संध्याकाळी गावाचे दोन रानरक्षक त्याच्यावर गेले. एक म्हातारे सियांकुकू, दुसरा मिझिंगाचा मामा ल्वेंदो. दोघांनी एकेक गोळी झाडली, जवळजवळ एकदमच. रेडा झाडीत घुसला. अंधारात झाडीत शिरायचं नाही हा तिथला नियम. सकाळी माग काढत पुढे ग्वेंबा गेला, सगळ्या गावाचा लाडका मागकरी. झाडीतून रेडा सुटला आणि ग्वेंबाची मांडी मोडली. ल्वेंदोने पाच पावलांवरून रेड्याच्या कपाळात तिसरी गोळी घातली, म्हणून ग्वेंबा वाचला तरी.

दोघांच्या बंदुका एकाच मापाच्या, पण गोळ्या वेगळ्या. ल्वेंदोच्या गोळीचं नाक मऊ, शिशाचं. आत शिरली की पसरते आणि पसरली की थांबते. सियांकुकूंची कठीण, ती पसरत नाही, भोक पाडत सरळ जाते. रेड्याच्या डाव्या कुशीवर बोटभर रुंदीची दोन भोकं होती. एक खांद्यामागे, दुसरं पोटावर, बरगड्या संपतात त्याच्या मागे. शिरताना दोन्ही गोळ्या सारखंच भोक पाडतात. तेव्हा पोटावरचं कुणाचं?

गावाचा नियम जुना आहे : पोटात गोळी बसलेलं जनावर मरत नाही, वाट पाहत बसतं. म्हणून ज्याची गोळी पोटात, त्याची बंदूक जमा. कायमची.

आणि आता पोटातून मऊ गोळी निघाली होती.

ल्वेंदोने ती तळहातावर घेतली, उलटीसुलटी केली. "माझीच आहे," तो म्हणाला. "उद्या दुपारी सभेत बंदूक ठेवतो. परवा तलावावर जातो. मासेमारीच्या बोटींवर माणसं लागतातच."

मिझिंगाला बाप नव्हता. तिथे तसंही भाचरांचा धनी मामाच असतो. तिला वाचायला मामाने शिकवलं, आधी पावलं आणि मग अक्षरं. तो तलावावर गेला, तर वर्षातून एकदा दिसला तरी नशीब.

तिने गोळी त्याच्या हातातून काढून घेतली. शिशाच्या टोपीखाली काहीतरी पांढरं रुतलेलं तिच्या बोटाला टोचलं. वाळूचा खडा असेल म्हणून तिने नखाने खरवडलं.

निघेना.

२

दुसऱ्या दिवशी उजाडताच ती सियामुंजो आजोबांच्या चिंचेखाली उभी होती. हे गावातले सगळ्यांत जुने शिकारी. गुडघे गेले तशी यांनी बंदूक सोडली, पण ल्वेंदोला नेम धरायला यांनीच शिकवलं होतं.

"गोळी दाखव." त्यांनी ती डोळ्याशी धरली, जिभेवर टेकवली आणि थुंकले. "तू काय पाहिलंस?"

"टोपीखाली पांढरं आहे. निघत नाही."

"मग काय असेल?"

"वाळू?"

"वाळू दाताखाली करकरते. हे करकरत नाही." त्यांनी गोळी परत दिली. "सांगणार नाही. सांगितलं तर तुला माझं उत्तर येईल, तुझं येणार नाही. जपून ठेव. बाकीचा रेडा कुठे आहे?"

"खाल्ला."

"फुप्फुसं? काळीज?"

"फुप्फुसं पोरांनी भाजून खाल्ली. मीपण खाल्लं."

"शाबास! म्हणजे पुरावा गावाच्या पोटात गेला, आणि थोडा तुझ्याही." आजोबा काठी टेकत उठले. "चल, तुझ्या मामापासून सुरुवात करू."

ल्वेंदो अंगणात बंदूक पुसत बसला होता. शेवटची पुसायची म्हणून असेल, फार हळू पुसत होता.

"बस कर, ती काय नवरी आहे?" आजोबा म्हणाले. "कुठे उभा होतास?"

"उंबराच्या खोडाआड. सियांकुकू माझ्या उजवीकडे, पन्नासेक पावलांवर."

"रेडा आडवा होता?"

"त्यांना आडवा. मला..." ल्वेंदोने डोळे बारीक केले. "मला त्याची दोन्ही शिंगं दिसत होती. अर्धा माझ्याकडे वळलेला होता."

"नेम?"

"खांद्याच्या मागे, आजोबा. तुम्ही शिकवलंत तिथेच. पण हात हलला असेल. आता गोळीच सांगतेय ना."

"मी शिकवलं होय," सियामुंजो स्वतःशीच पुटपुटले.

मिझिंगाला वाटलं, आता ते काहीतरी सांगतील. पण ते उठून चालायला लागले होते, आणि तेही सियांकुकूंच्या घराकडे.

३

इथे एक रीत समजून घ्या. त्या मुलखात काही कुळांची एकमेकांशी थट्टेची सोयरीक असते. सियामुंजो तरसाच्या कुळातले, सियांकुकू शेळीच्या. तरसाने शेळीला काहीही बोलावं आणि शेळीने तरसाला. रागवायचं मात्र नाही. रागावला त्याला दंड. दुसरं कुणी जे बोलू शकत नाही, ते थट्टेचा सोयरा भर चौकात बोलतो.

"घरात आहेस का रे शेळपटा?" सियामुंजो कुंपणाबाहेरूनच ओरडले. "भूक लागली म्हणून आलो!"

"ये, ये, मढी उकरणाऱ्या!" आतून आवाज आला. "अजून मेला नाहीस? मी तर तुझ्या मयताची मक्याची न्सिमा जेवायला बसलो होतो." सियांकुकू दारात आले. उंच, ताठ, अंगावर खाकी सदरा. त्यांनी उन्हाआड हात धरला. "आणि ही कोण, बिना-मिझिंगा? भाऊ कसा आहे गं?"

"मी मिझिंगा आहे, आजोबा. आई घरी आहे."

"हो हो. वाढलीस किती!"

त्यांनी गोरखचिंचेचं आंबट सरबत पेल्यांत ओतलं. ओतताना पेल्याच्या काठाआत बोट धरलं होतं, आणि सरबत बोटाला लागलं तसं थांबले. मिझिंगाने तोंड वाकडं केलं. घरी असं बोट बुडवलं असतं, तर आईने पाठीत धपाटा घातला असता. तरी ती प्यायली.

"खांद्यामागची गोळी तुझी म्हणे," सियामुंजो म्हणाले.

"गाव म्हणतंय."

"तू काय म्हणतोस?"

"मी चाळीस वर्षं बंदूक धरली. गावाला माहीत आहे ते."

"गावाला काय माहीत ते मी विचारलं नाही रे, बोकडा."

सियांकुकू हसले, पण उशिरा. मग ते पेले गोळा करत आत गेले.

तिथून दोघं दवाखान्यात गेली. ग्वेंबा खाटेवर आडवा होता, पाय फळ्यांत बांधलेला. मिझिंगाला पाहून तो म्हणाला, "आलीस? वजडीतला माझा वाटा ठेवलास की तोही हादडलास?"

"ठेवलाय. गोळीसकट."

"गोळी तुझ्या मामाला ठेव." म्हणाला, आणि त्याचा चेहरा पडला. "ल्वेंदोला सांग, मला राग नाही."

"माग कसा होता?" सियामुंजोंनी विचारलं.

माग म्हटल्याबरोबर ग्वेंबा दुखणं विसरला. "विचित्र, आजोबा. रेड्याच्या डाव्या अंगाच्या पानांवर गुलाबी फेस. साबणाचा असतो तसा, बुडबुड्यांचा. खांद्याच्या उंचीवर."

"फुप्फुस," मिझिंगा म्हणाली. मामाने शिकवलं होतं.

"बरोबर. पण उजव्या अंगाच्या पानांवर हिरवा लगदा. खाली, माझ्या कमरेच्याही खाली. पोटातला. मी मागे वळून हेच सांगणार होतो, तेवढ्यात तो आला."

"उजव्या? नक्की?"

"पाय मोडलाय, आजोबा. डोळे नाही."

बाहेर पडल्यावर मिझिंगा थबकली. रेडा सोलला तेव्हा ती तिथेच होती. कातडं ताणून खुंट्या ठोकताना एक कोपरा तिने धरला होता. भोकं दोनच, दोन्ही डावीकडे. उजवी बाजू अखंड होती.

"आजोबा, उजवीकडे भोकच नाही. मग हिरवं आलं कुठून?"

४

बिना-लुयांदोच्या अंगणात कातडं ताणलेलं होतं, केस जमिनीकडे आणि मांसाची बाजू वर. ती दारात बसून भोपळ्याची गुडगुडी ओढत होती. तिथे बायकाच ती ओढतात.

"बघा, बघा," ती धुरातून म्हणाली. "दोन भोकं, तीही गोळ्यांची. माझ्या घरच्या सुरीने आजवर कातडं फाटलेलं नाही."

ही बढाई नव्हती, धाक होता. त्या गावात ज्याच्या सुरीने कातडं फाटेल, त्याला पुढच्या पावसापर्यंत सुरी मिळत नाही. घरातली अठरा वर्षांची लुयांदो यंदाच सोलायला लागली होती. ती कोपऱ्यात भांडी घासत होती. कालपासून तेच एक भांडं घासतेय असं वाटावं, इतकी खाली मान घालून.

सियामुंजो कातड्याभोवती हिंडले आणि सावलीत जाऊन बसले. "माझे गुडघे वाकत नाहीत. तू बघ."

मिझिंगा रांगत निघाली. डाव्या बाजूची दोन्ही भोकं सापडली. उजवी बाजू तिने तळहाताने चाचपली. काही नाही. तेवढ्यात तिला मुंग्या दिसल्या. साऱ्या कातड्यावर त्या विखुरलेल्या होत्या, पण एक बारीक रांग सरळ उजव्या कुशीकडे चालली होती, शेवटच्या बरगडीच्या मागे, आणि तिथे थांबत होती.

तिथे चरबी चोपडली होती. चरबीवर राख.

तिने बोटाने पुसलं. खाली सालीच्या दोऱ्याचे चार टाके होते, मुंगीच्या पायांएवढे बारीक.

मागे भांडं पडलं.

"मी केलं," लुयांदो म्हणाली आणि रडायलाच लागली. "आई, तू डोकं कापायला गेलीस तेव्हा मी ती बाजू सोलत होते. सुरी काढली तर भोक दिसलं. मला वाटलं, माझ्याच हातून झालं. तू काय म्हणाली असतीस..."

बिना-लुयांदोच्या हातातली गुडगुडी तशीच राहिली. मग ती उठली, कंबरेची सुरी काढून तिने टाके उसवले आणि खाली वाकून पाहिलं.

"गाढवे," ती मुलीला म्हणाली. आवाज मात्र रागाचा नव्हता. "सुरीची फाट लांबट असते. हे गोल आहे."

मिझिंगाने त्यात करंगळी घातली. नीट बसली. मग दुसऱ्या हाताने तिने कनवटीची गोळी काढली. शिशाची टोपी तिच्या दोन बोटांएवढी रुंद होती.

"ही यातून गेलीच नसती," ती हळूच म्हणाली. "आणि गेली असती, तर वजडीत कशी सापडली असती?"

५

दुपारी गोरखचिंचेखाली सभा भरली. ल्वेंदोने बंदूक मुखियापुढच्या चटईवर ठेवली होती. सियांकुकू पलीकडे ताठ बसले होते.

सियामुंजो उभे राहिले. हातात भोपळा आणि दोन काटक्या. "शेळीच्या कुळाबद्दल बोलायचंय. कुणाची हरकत?"

"तरसाला शेळीशिवाय सुचतं काय?" कुणीतरी म्हणालं. लोक हसले.

"मिझिंगा, हा भोपळा म्हणजे रेडा. देठ म्हणजे तोंड. तू तुझा मामा हो. रेडा अर्धा तुझ्याकडे वळलाय. मार खांद्याच्या मागे."

तिने भोपळा तिरका धरला आणि काटकी खुपसली. काटकी पुढून शिरली आणि आत, मागच्या बाजूला गेली.

"टोक कुठे आहे?"

"पोटात," मिझिंगा म्हणाली. म्हणता म्हणता तिलाच कळलं. "खांद्यातून शिरून पोटात गेली! गवतात अडकली!"

सभेत कुजबुज झाली.

"कशावरून?" मुखियाने विचारलं. "दोन भोकं आहेत. मऊ गोळी सरळ पोटावरच्या भोकातूनच का शिरली नसेल?"

आजोबांनी फक्त मिझिंगाकडे पाहिलं. तिने गोळी वर धरली आणि कालपासून जे उत्तर तिच्या बोटाला टोचत होतं, ते तिला सापडलं.

"टोपीखाली हाड आहे. हाडाची कपची. पोटावरच्या भोकाला हाड लागत नाही, ते बरगड्यांच्या मागे आहे. ही आधी खांद्यापाशी हाडाला लागली, मग एका फुप्फुसातून गेली. म्हणून डावीकडे गुलाबी फेस होता."

"आणि पोटावर जी लागली," सियामुंजो म्हणाले, "ती आडव्या रेड्यातून आरपार गेली. उजवीकडे गोल भोक पाडून, हिरवं सांडत. पसरली नाही, थांबली नाही. कठीण होती." ते सियांकुकूंकडे वळले. थट्टेचा सूर मात्र सुटू दिला नाही. "काय रे शेळपटा? सरबत बोटाने मोजतोस. लेकराला तिची आई समजतोस. तुझे डोळे कधीपासून गेले?"

या वेळी कुणी हसलं नाही.

सियांकुकूंनी हात पुढे केला. मिझिंगाने गोळी त्यात ठेवली. त्यांनी ती पाहिली नाही, अंगठ्याने चाचपली. टोपी, देठ, टोपीखालची कपची.

"दोन पावसाळे झाले," ते म्हणाले. "दुपारी बरं दिसतं. त्या संध्याकाळी मला रेडा दिसला नाही. काळं दिसलं. काळ्याच्या मध्यावर मारली." गोळी मिझिंगाला परत देत ते पुढे म्हणाले, "मऊ गोळी सापडली असं ऐकलं, तेव्हा मला वाटलं, सुटलो. मी खोटं बोललो नाही. फक्त बोललो नाही."

ते उठले. आपली बंदूक त्यांनी चटईवर ठेवली, आणि ठेवताना आधी हाताने चटईची कड शोधली. मुखियाने ल्वेंदोची बंदूक उचलून त्याला परत दिली. ल्वेंदोने ती घेतली, पण खांद्याला लावली नाही.

"एवढ्यात खूश होऊ नकोस," सियामुंजो त्याला म्हणाले. "तुझी गोळीही हृदयाला लागली नाही. रेडा रात्रभर जगला त्याला तीही कारण आहे. आणि तो दोष माझा. 'खांद्याच्या मागे' एवढंच मी शिकवलं. ते आडव्या जनावराला ठीक. तिरक्याला हृदय आत कुठे आहे ते आधी मनात पाहायचं आणि गोळी तिथे पोचेल अशी मारायची. मी तुला अर्धाच धडा दिला. ग्वेंबाच्या पायाचा थोडा हिशेब माझ्याकडेही आहे. उद्यापासून ये चिंचेखाली, दोघंही या. ही पोरगी तुझ्यापेक्षा लवकर शिकेल."

"ती पुरावासुद्धा भाजून खाते, आजोबा," ल्वेंदो म्हणाला. दोन दिवसांत तो पहिल्यांदाच हसला.

सभा उठली. लोक दोघा-तिघांच्या घोळक्यांनी निघाले, बिना-लुयांदो लुयांदोच्या खांद्यावर हात टाकून. सियांकुकूंपाशी मात्र कुणी गेलं नाही. त्यांचा थट्टेचा सोयराही पाठ फिरवून भोपळा उचलत होता. ते एकटेच उभे होते. सूर्य खाली उतरला होता आणि नेमका त्यांच्या डोळ्यांत येत होता. घराच्या वाटेकडे तोंड करून ते उभे होते, पण पाऊल टाकत नव्हते.

मामा मिझिंगाला हाक मारत होता. तिने ऐकली. आणि ती उलट्या दिशेने चालत गेली, सियांकुकूंच्या डाव्या हाताला जाऊन उभी राहिली.

"कोण?" ते म्हणाले.

"मिझिंगा." मग ती वाटेकडे बघत म्हणाली, "पुढे मूळ आहे, आजोबा. वर आलेलं."

"दिसतंय मला," सियांकुकू म्हणाले.

ती तशीच थांबून राहिली. थोड्या वेळाने त्यांचा जड, खरखरीत हात तिच्या खांद्यावर आला, आणि तिने मुळावरून पाय उचलला, नेहमीपेक्षा जरा उंच, म्हणजे त्यांना कळावं किती उचलायचा.